वीत म्हणजे नऊ इंच

आयतालेखाला कुणी ‘तो खांबांचा ग्राफ’ म्हटलं की माझं डोकं सणकतं. खांबांचा तो स्तंभालेख. त्यात दोन खांबांमध्ये फट असते. आयतालेखात फट नसते, कारण शून्य ते दहा, दहा ते वीस असा एक वर्ग जिथं संपतो तिथूनच पुढचा सुरू होतो. एवढी साधी गोष्ट मी बत्तीस वर्षं शिकवली, आधी प्राथमिकला आणि मग हायस्कूलला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी पेपरात चुकीचं चित्र दिसलं की मी पेन घेऊन फटी बुजवत बसतो. माझी बायको तुळसाबाई म्हणते, ‘‘घरच्या भितीले भेग पडली ते नाई दिसत तुमाले. पेपरातल्या फटी बरोब्बर दिसतात.’’

तर मला आकार वाचता येतो, ही माझी घमेंड होती. शाळेचं नाव झाकून दहावीच्या गणिताच्या गुणांचा आयतालेख माझ्यासमोर ठेवा, मी त्या शाळेची कुंडली मांडून दाखवायचो. मधोमध उंच आणि दोन्हीकडं सारखा उतरता असेल, तर मास्तर बरा आणि परीक्षा प्रामाणिक. उजवीकडं ढीग आणि डावीकडं लांब शेपूट, म्हणजे पेपर सोपा निघाला. तिशीत सगळं ओसाड आणि पस्तिसावर एकच आयत ताडासारखा उभा, म्हणजे तपासणारा दयाळू. आणि दोन उंचवटे, मध्ये दरी, असं दिसलं तर समजावं की एका वर्गात दोन वर्ग बसलेत, शिकवणीला जाणारे आणि न जाणारे. हे शेवटचं मी फार तोऱ्यात सांगायचो. ‘‘दोन उंचवटे म्हणजे माल दोन प्रकारचा. एकाच मालाला दोन शिखरं येत नाहीत.’’ याच वाक्यानं गेल्या डिसेंबरात माझे दात माझ्याच घशात घातले.

आमचं गाव जऊळक्याच्या स्टेशनापासून सहा किलोमीटर आत. तीन एकर वावर, त्यात सोयाबीन आणि सोयाबीनच्या मधून तुरीच्या ओळी. सोयाबीनचं मी बघतो. तूर तुळसाची. चौदा वर्षांपूर्वी तिनं माहेरच्या तुरीतली ओंजळभर बी वेगळी काढली आणि तेव्हापासून दरसाल कापणीच्या आधी ती एकटी वावरात फिरते, मनाला येईल त्या झाडाला जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधते. चिंधीच्या झाडाचीच बी ठेवायची, बाकीची डाळीला. बी मडक्यात, वर राख आणि कडुलिंबाचा पाला, तोंडाला फडकं. दोन वर्षं गावातली तूर मर लागून उभी वाळली आणि हिची हिरवी राहिली, तेव्हापासून लोक तिला ‘तुळसाची तूर’ म्हणायला लागले.

मी तिला हसायचो. ‘‘चिंधी बांधून बी सुधरते काय? मंग शाळेत मीबी पोट्ट्याइले चिंध्याच बांधल्या असत्या.’’

ती म्हणायची, ‘‘बांधल्या असत्या तं सुधरले असते.’’

मागच्या पावसाळ्यात वाशीमच्या एका संस्थेतून सुकेशनी नावाची मुलगी स्कूटीवर आली. ही संस्था देशी वाणांची नोंद करते. तिनं तूर पाहिली, गावात चार जणांना विचारलं आणि आमच्या ओसरीवर बसून सांगितलं, की हा वाण खरोखर एकसारखा निघाला, तर तुळसाबाईंच्या नावानं चाचणीला पाठवता येईल. दोन वर्षं चाचणी, आणि त्यात टिकला तर इतर गावांत बी जाईल. फक्त तूर तयार होत आली की दोनशे झाडं मोजून द्यायची. भेसळ असेल तर ती उंचीत आधी दिसते.

अर्जाच्या पहिल्या ओळीवर ‘वाण जपणाऱ्या शेतकऱ्याचे नाव’ असं होतं. सुकेशनीनं तिथं तुळसाचं पूर्ण नाव लिहिलं आणि तुळसानं ते बोटानं चाचपून पाहिलं. सातबारा माझ्या नावाचा, घरपट्टी माझ्या नावाची, गॅसचं पुस्तकसुद्धा माझ्याच नावाचं. साठ वर्षांत तिच्या हातच्या कामावर तिचं नाव लिहिलं जाणार, ते पहिल्यांदाच. त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली, आणि तिनं तो तसाच मला पाजला.

जाताना सुकेशनी म्हणाली, ‘‘सर, मी सहावीत तुमच्याकडं होते. तुमची बदली व्हायच्या आधी.’’

मला काही आठवेना. मास्तराला सगळेच असं सांगतात. ‘‘हो हो, हुशार होतीस,’’ मी ठोकून दिलं. ती नुसती हसली.

डिसेंबरात शेंगा भरल्या. मोजायची वेळ आली तेव्हा घरातला लोखंडी टेप जागेवर नव्हता. राजू गवंडी तो मागून घेऊन गेला होता आणि टेपासकट वाशीमला कामावर निघून गेला होता. सुकेशनीचा फोन आला, तिला सांगितलं, तर म्हणाली, ‘‘मी पुढच्या आठवड्यात टेप आणते, सर.’’

‘‘टेप कायले पाह्यजे?’’ मी म्हणालो. ‘‘देवानं सगळ्याइले हातातच टेप देला हाय. बारा बोटं म्हणजे एक वीत, आन् वीत म्हणजे नऊ इंच. दोनशे झाडं दोन दिवसात मोजून देतो.’’

फोनवर ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘बरं, सर.’’

विषम ओळी मी घेतल्या, सम ओळी तुळसानं. झाडाच्या बुडाशी अंगठा टेकवायचा आणि वीत-वीत करत शेंड्यापर्यंत चढायचं. लिहिणारा मीच. तिनं तिकडून ओरडावं, ‘‘आठ वीत सहा बोटं!’’ आणि मी ओळीचा नंबर टाकून वहीत उतरवावं. माझी झाडं सात वीत, सात वीत दोन बोटं, अशी येत होती आणि तिची बहुतेक साडेआठच्या पुढं. माझ्या ते लक्षात आलं नाही असं नाही. आलं. पण मी मनाशी म्हटलं, आपल्या लेकराची उंची आई नेहमी वाढवूनच सांगते. वर हेही ठरवून टाकलं, की तिच्या ओळींना ओल जास्त मिळाली असेल. शेजारशेजारच्या ओळींपैकी एकीलाच ओल कशी जास्त मिळेल, हे बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला सुचलं नाही.

आकडे मी नऊनं गुणले, इंच केले आणि फोटो काढून सुकेशनीला पाठवले. चार दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन आली. ओसरीवर धुरपताबाई पण बसली होती. धुरपताबाई तुळसाची जिवाभावाची मैत्रीण, मागच्या गल्लीतली. तुळसाची तूर सर्वांत आधी तिनंच पेरली होती. आणि तीन वर्षांपूर्वी उंदरांनी मडकं फोडून आमचं निम्मं बियाणं खाल्लं तेव्हा तिनंच आपल्याकडची त्याच वाणाची दोन पायल्या बी आणून दिली होती.

सुकेशनीनं पडदा आमच्याकडं वळवला. तिचा चेहरा उतरलेला होता. मी चष्मा लावला आणि पाहताक्षणी ओळखलं. एक उंचवटा चौसष्ट इंचांवर. दुसरा सत्त्याहत्तरच्या आसपास. मध्ये सत्तरीत दरी, तिथं झाडंच नाहीत. दोन्ही टेकड्या जवळजवळ सारख्या आकाराच्या. माझ्या सगळ्या आयुष्यात इतका सुबक द्विशिखरी आयतालेख मी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला क्षणभर आनंदच झाला, पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं पाहिल्याचा.

‘‘भेसळ,’’ मी म्हणालो.

‘‘सर, घाई नको,’’ सुकेशनी म्हणाली. ‘‘पाच जानेवारीपर्यंत मुदत आहे. परत एकदा पाहू.’’

‘‘पाह्यचं काय त्यात? आकार खोटं बोलत नाई. बी दोन प्रकारचं हाय. एक बुटकं, एक उंच.’’ आणि मग, जिभेला हाड नसतं म्हणतात तसं झालं. मी धुरपताबाईकडं बघून म्हणालो, ‘‘तुमी तीन सालाआंधी बी देलं व्हतं ना? त्यातच बाजारातलं मिसळलं असन.’’

धुरपताबाई उठली. ‘‘मास्तर, मी तुळसाच्या बियाले देवघरात ठेवलं व्हतं,’’ एवढंच म्हणाली आणि चप्पल न घालता निघून गेली. चप्पल आमच्या दारातच राहिली. सुकेशनीनं लॅपटॉप मिटला, त्या चित्राचा छापील कागद माझ्याकडं दिला आणि तीही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसानं मडकं खाली उतरवलं. फडकं सोडलं, राख झटकली आणि मागच्या सालची जपलेली सगळी बी सुपात ओतली.

‘‘हे काय करून राह्यली?’’

‘‘डाळ करतो. भेसळीचं बी कोनाले देऊ? सोमवारी तूर कापून घेऊ. सगळीच डाळीले जाऊ द्या, चिंध्या बांधाचं कामच नाई.’’

मी म्हणालो, अगं, पुढं कधी तरी पुन्हा अर्ज करता येईल. ती पाखडत राहिली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती त्या सुपाकडं अशी बघत होती, जसं काही चौदा वर्षं तिनं कुणाला तरी फसवलं होतं. मला तिची दया आली, आणि दयेहून जास्त राग आला. राग याचा, की हिला आकार समजतच नाही. समजला असता तर ती स्वतःवर रुसली नसती, बियावर रुसली असती. मास्तराचा जन्म माझा. चूक कुणाचीही असो, समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

शनिवारी दुपारी ती अंगणात तीच तूर उन्हात पसरत होती. मी कागद घेऊन तिच्यासमोर बसलो. ‘‘ऐक नं व. तुले हे समजलं पाह्यजे. हे खांब नाई, हे रास हाय असं समज. तू खळ्यावर उफनलेलं धान्य पाह्यलं ना? तशी. जेवढे झाडं त्या उंचीचे, तेवढी रास उंच.’’

तिनं पहिल्यांदाच कागदाकडं नीट पाहिलं आणि दोन्ही उंचवट्यांवर बोट ठेवलं. ‘‘म्हंजे अठी झाडं लय, अठी लय, आन् मंधात काईच नाई?’’

‘‘बरोबर!’’

‘‘हे तं दोन वशिंडाचा बैल झाला.’’

‘‘तेच तं म्हनतो. दोन वशिंडाचा बैल असते काय कुठी? म्हनून मी म्हनलो, हे दोन बैल हायेत. दोन बी.’’

ती कागद धरून बसली. तुरीवर बसलेली चिमणी तिनं हाकललीसुद्धा नाही. मग बोलली, पण माझ्याशी बोलल्यासारखी नाही. ‘‘आमच्या खळ्यावर पडत व्हत्या अशा दोन राशी. माहा बाप उंच, ताडमाड. माय बुटकी. बाप तिवईवर उभा राहून उफने तं वाऱ्यानं रास पल्ल्याड पडे. मंग तो पानी प्याले उतरे आन् माय चढे. ते उफने तं रास अल्ल्याड पडे. बाप वापस ये आन् बोंबले, एका खळ्यावर दोन राशी काहून? माय म्हने, ज्वारीले इचारा.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काय? ज्वारी तं एकच व्हती. उफननारे दोघं व्हते.’’

अंगणात मडकं उपडं पडलं होतं, त्याच्या कडेनं एक मुंगळा चालला होता, तो मला आजही दिसतो.

‘‘मोजनारे किती जन व्हते?’’ तुळसानं विचारलं.

तिनं हातातली तूर झटकली, तळवा पदराला पुसला आणि माझ्यासमोर उभा धरला, शाळेतलं पोर उत्तर यायला लागल्यावर धरतं तसा. मी माझा तळवा त्याला लावला. लग्नाला चाळीस वर्षं झाली. हात धरून तिला एसटीत चढवलं आहे, तापात कपाळावर हात ठेवला आहे, पण तळव्याला तळवा असा कधी लावून पाहिला नव्हता. तिची करंगळी माझ्या करंगळीच्या शेवटच्या पेराखालीच संपली. बोटं ताणली तर माझी वीत दोन्हीकडून तिच्याबाहेर गेली. तिचा हात खरबरीत होता, आणि माझ्यापेक्षा केवढा तरी लहान होता.

मी आत जाऊन फूटपट्टी आणली. माझी वीत नऊ इंच, एक रेघ इकडची तिकडं नाही. तिची साडेसात.

‘‘हात दाखवून अवलक्षण’’ म्हणतात ते हे. माझ्या हाताच्या मापानं मी बायकोला भेसळखोर ठरवलं होतं आणि तिच्या मैत्रिणीला त्यात गोवलं होतं. मी तिथंच वही उघडली. ओळींचे नंबर होतेच. सम ओळींच्या आकड्यांना नऊऐवजी साडेसातनं गुणलं. आठ वीत सहा बोटं, म्हणजे साडेआठ गुणिले साडेसात: पावणेचौसष्ट. पुढचा चौसष्ट. पुढचा त्रेसष्ट. मग मागच्या कोऱ्या पानावर दोन आयतालेख काढले, एक माझ्या ओळींचा, एक तिच्या ओळींचा, आधी चुकीच्याच इंचांत. दोन्हींना एकेकच उंचवटा. दोन्ही मधोमध उंच, दोन्हीकडं उतरते. आकार तोच, फक्त तिचा उजवीकडं सरकलेला आणि किंचित पसरट. दोन चित्रं एकाच पानावर छापली म्हणून त्याचा मी दोन वशिंडाचा बैल केला होता. नुसता आकार ओळखणं म्हणजे अर्धं काम. तो आकार कशापासून झाला हे विचारणं उरलेलं अर्धं, आणि ते मी पोरांना कधी शिकवलंच नाही, कारण मला ते येत नव्हतं.

‘‘तुळसा,’’ मी म्हणालो, ‘‘माह्यं चुकलं. बी तुह्यं सोन्यासारखं हाय. मीच गधा. मी आताच सुकेशनीले आकडे सुधरून पाठवतो.’’

‘‘नोको,’’ ती म्हणाली. ‘‘कागदावर तं तुमी मले चोर केलं, आता कागदावरच साव करता काय? पुन्ना मोजा. वावरात. आन् आंधी धुरपताची चप्पल तिच्या घरी नेऊन द्या.’’

मी चप्पल घेऊन गेलो. बत्तीस वर्षं ज्याच्या पाया पडून पोरं पास झाली तो मास्तर मागच्या गल्लीतून हातात बायकी चप्पल घेऊन चालला, हे अर्ध्या गावानं पाहिलं. धुरपताबाई निवडण करत होती. तिनं वर बघितलं नाही. मी म्हणालो, ‘‘वहिनी, भेसळ बियात नव्हती. माह्या डोक्यात व्हती.’’

‘‘ते मले पह्यलेच मालूम व्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘तुमाले कवा समजते ते पाहून राह्यली व्हती.’’

मग माप कोणाचं घ्यायचं, हा प्रश्न आला. सुकेशनीचा टेप यायला अजून अवकाश होता, आणि तुळसाला ते बारीक आकडे दिसतही नाहीत. मी तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी घेतली, तुळसाला तिच्यावर वीत ठेवायला सांगितली आणि विळ्यानं बरोबर तेवढी कापली. तशाच आणखी दोन कापल्या. पहिल्या काठीला लावून, एका लांबीच्या.

‘‘माहा हात कायले?’’ ती म्हणाली. ‘‘तुमचा घ्या. तुमचा पुस्तकातला हाय.’’

‘‘बी कोनाचं हाय?’’ मी विचारलं. तिनं काठी दोनदा उलटीपालटी करून पाहिली.

रविवारी आणि सोमवारी आम्ही तिघांनी तीच दोनशे झाडं पुन्हा मोजली. धुरपताबाई चक्क गाणं म्हणत मोजत होती. तिचा हात तर तुळसाहूनही लहान, पण काठी सगळ्यांची सारखीच. आठ काठ्या आणि थोडी. साडेआठ काठ्या. यावेळी तिकडून ओरडलेला आकडा आणि माझ्या हातातला आकडा सख्ख्या भावंडांसारखे येत होते, आणि दर वेळी माझ्या छातीवरचं काहीतरी थोडं हलकं होत होतं. सोमवारची कापणी राहिली. सुपातली बी मडक्यात परत गेली, वर राख, वर पाला.

तीन जानेवारीला सुकेशनी आली. येताना टेप आणला होता. मी काही म्हणायच्या आत तिनं आधी काठीवर टेप लावला: एकोणीस सेंटीमीटर. मग वीस झाडं स्वतः मोजून माझ्या वहीशी ताडून पाहिली आणि मान डोलावली. ओसरीवर बसून तिनं आकडे भरले. आम्ही तिघं तिच्या मागं उभे. मला आठवतं, मी दहावीच्या निकालालाही एवढा घाबरलो नव्हतो. तुळसानं धुरपताबाईचं मनगट धरून ठेवलं होतं.

पडद्यावर एकच टेकडी उभी राहिली. मधोमध उंच, उजवीकडं झपकन उतरती, डावीकडं मात्र जराशी रेंगाळणारी, बुटक्या झाडांची छोटी शेपटी.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. यावेळी आकाराचा अर्थ सांगायचा नाही असं मी ठरवून आलो होतो. तुळसाच पुढं वाकली आणि त्या शेपटीवर बोट ठेवलं. ‘‘हे बांधाकडचे. कडुलिंबाखालच्या सावलीतले. त्याइले ऊन भेटत नाई.’’

सुकेशनीनं नंबर तपासले. आठ झाडं होती, आठही शेवटच्या ओळीची, बांधाकडची. तिनं तुळसाकडं अशा नजरेनं पाहिलं की मला हेवा वाटला. ‘‘काकू, बी शुद्ध आहे,’’ ती म्हणाली. ‘‘अर्ज आजच पाठवते.’’ तुळसा मटकन खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि रडली. एवढ्या दिवसांचं सगळं आत्ता रडली. धुरपताबाई तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिली आणि मधूनमधून माझ्याकडं डोळे वटारत राहिली.

अर्जात एक रकाना होता: ‘मोजमापाचे साधन’. मी स्वतः, स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘तुळसाबाईंची वीत. १ वीत = १९ सेंमी.’

सुकेशनीनं ते वाचलं. मग हसून, पण खाली बघूनच म्हणाली, ‘‘सर, एक सांगू? सहावीत तुम्ही आम्हाला बाकाची लांबी वितीनं मोजायला लावली होती. तुमचं उत्तर आठ वीत होतं. माझं बारा आलं. मी म्हणाले, सर, माझा हात लहान आहे. तुम्ही म्हणालात, वीत म्हणजे नऊ इंच, आणि शून्य दिलंत.’’

मला तो बाक आठवला नाही, ती मुलगीही आठवली नाही. मी अशी किती शून्यं दिली असतील, तेही आठवेना. शाळेचा बाक सहा फुटांचा. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. बहात्तर भागिले बारा, सहा. सहावीतल्या पोरीची वीत सहा इंचच असणार.

‘‘मग फोनवर तू बोलली का नाहीस?’’ मी विचारलं. ‘‘मी टेप नको म्हणालो तेव्हा?’’

‘‘परत शून्य मिळेल म्हणून,’’ ती म्हणाली.

मी खिशातला पेन काढला. समोर तिची वही होती. तिच्या कोऱ्या पानावर मी लिहिलं: ‘बाकाची लांबी: १२ वीत. बरोबर.’ खाली सही केली, आणि तारीख टाकली, आजची. मागची टाकायची मला लाज वाटली.

सुकेशनीनं वही मिटून पिशवीत ठेवली. तुळसा डोळे पुसत उठली, आत गेली आणि चहा घेऊन आली. ‘‘पोरीले शून्य देत व्हते,’’ ती धुरपताबाईला म्हणाली, ‘‘आन् मी चाळीस सालापासून अठी कशी पास होऊन राह्यली व्हती, देवाले मालूम.’’ तिनं सगळ्यांच्या कपात दोन-दोन चमचे साखर टाकली आणि माझ्या कपात तुराटीच्या काठीनं ढवळून दिली.